फकिराच्या वाट्याचं पिल्लू

फकिराचा नर ज्याच्या दारात जाई, त्याच्याकडून फकिरा पैसे घेत नसे. पिंपळगाव बसवंतपासून एकलहऱ्यापर्यंत डुकरं पाळणारी जी पंधरा-वीस घरं होती, त्यांच्यात हा रिवाज जुना होता. नराने आठ-पंधरा दिवस राहायचं, माद्या गाभण राहिल्या की परत जायचं. पुढे माद्या व्यायल्या, पिल्लं दूध सोडून खायला लागली, की नराच्या मालकाने एक पिल्लू उचलून न्यायचं. कोणतं, ते त्याने ठरवायचं. त्याने चांगल्यातलं चांगलं उचललं तरी कुणी तोंड वाकडं करायचं नाही.

कलाबाईला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "म्हंजे नवरदेवाकडचा मान म्हणा की, भाऊ!"

"मानच तो, ताई," फकिरा म्हणाला होता. "आन् आमचा नवरदेव जेवतोबी नवरदेवावानीच. बादलीभर भात ठेव."

कलाबाईचं घर माळ्याचं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या जिथून दिसतात तिथे त्यांचा दीड एकराचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, शेपू, आणि बांधाच्या कडेने झेंडू. त्या घरात डुकरं आली ती मुलामुळे. ज्ञानेश सातपूरला एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपलं तसा तो वराहपालनाचं प्रशिक्षण घेऊन आला, मळ्याच्या टोकाला पत्र्याची शेड घातली आणि आधी पाच, मग करत करत वीस डुकरं आणली. त्याचे वडील भारत महिनाभर त्या बाजूला फिरकले नाहीत.

"उद्या बाजारात कुणी विचारलं, भारतराव, ही मेथी डुकराच्या खतावरची का, तर काय सांगू?"

"आन् शेणखत काय अत्तराचं असतं?" कलाबाईने विचारलं.

खरं तर किळस तिलाही येत होती. पहिले काही दिवस ती नाकाला पदर लावूनच घमेलं रिकामं करायची. मग तिच्या लक्षात आलं की ही जनावरं झोपायची जागा कधी घाण करत नाहीत. घाण करायला एक कोपरा ठरवतात आणि अंधारातही तिथेच जातात. हे तिने घरोघर सांगितलं, जसं काही आपल्या पोराने पहिला नंबर काढलाय. पाठ न फिरवता, नुसत्या आवाजावरून ती कोण ओरडतंय ते ओळखू लागली. सगळ्यांत मोठ्या मादीला ती थोरली म्हणायची. घमेलं ठेवलं की थोरली आधी खायची नाही; कलाबाईच्या पायावर मुस्कट टेकवून उभी राहायची आणि कानामागे खाजवून घेतल्यावरच तोंड खाली घालायची.

भाद्रपदात फकिराचा नर येऊन गेला. तीन माद्या गाभण राहिल्या, त्यात थोरली होती.

दिवाळी सरली आणि ज्ञानेशने एका व्यापाऱ्याकडून चार लहान डुकरं आणली. नवं जनावर तीन आठवडे वेगळं ठेवायचं, हे त्याला शिकवलं होतं. त्याने बाहेर जाळी बांधलीही. पण त्या रात्री गारठा पडला. कलाबाईने चौघांना कुडकुडताना बघितलं आणि म्हणाली, "आत घे रे त्यांना. लेकरंच ती." ज्ञानेशने आत घेतलं.

सातव्या दिवशी त्यातलं एक खाईना. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. दुपारी उन्हात सुद्धा ती एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून पडायची, जणू थंडी त्यांच्या आतून येत होती. डोळ्यांतून चिकट पाणी वाहून पापण्या मिटल्या जायच्या. कलाबाई कोमट पाण्यात फडकं भिजवून त्या उघडायची, तासाभराने परत तेच. आधी पोट घट्ट झालं, नंतर पिवळं पाणी वाहायला लागलं. आणि जी डुकरं जन्मभर झोपेची जागा जपत आली होती, ती पडल्या जागी घाण करू लागली. कलाबाईला सगळ्यांत जास्त ते लागलं. डुकरं दुखण्याने ओरडत होती त्याहून हे वाईट होतं. त्यांची लाजच कुणी काढून घेतली होती.

जनावरांच्या डॉक्टर हर्षाली मॅडम आल्या. ताप एकशे सहा भरला. मेलेल्या एकाचं पोट त्यांनी शेडमागे फाडून बघितलं आणि मायलेकांना जवळ बोलावलं. मूत्रपिंडावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके होते.

"आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, त्याचे हे डाग," त्या म्हणाल्या. "कान आणि पोट जांभळं पडतं ते त्यामुळेच. मावशी, हा डुकरांचा ताप आहे. माणसाला होत नाही, गाईम्हशीला होत नाही. पण डुकराला झाला की औषध नाही. लस आहे, ती आधी टोचावी लागते."

ज्ञानेश मातीकडे बघत राहिला. माद्या गाभण आहेत, टोचून गाभ पडायला नको, व्यायल्यावर सगळ्यांनाच एकदम टोचू, असं त्याने ठरवलं होतं.

मग पुढचे तीन आठवडे खड्डे खणण्यात गेले. चुन्याने ज्ञानेशच्या हातांची सालं निघाली. भारत कुणी न सांगता फावडं घेऊन आले आणि खणू लागले. दोन गाभण माद्यांची कच्ची पिल्लं पडली आणि मागोमाग त्याही गेल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या होत्या, "यातून गाभण मादी वाचली तरी ठेवण्यात अर्थ नसतो, मावशी. तिलाही सुई देऊन कायमचं झोपवावं लागतं."

चोविसातली तेवीस गेली. थोरली राहिली. तीन दिवस तिने तोंड वळवलं होतं, अंग तापलं होतं, चौथ्या दिवशी ती उठली आणि तिने कलाबाईच्या पायावर मुस्कट टेकवलं.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी तिला सगळीकडून बघितलं. "वाचली ही. गाभण आहे का?"

दोन-अडीच महिन्यांचं पोट, त्यात आजाराने खंगलेली. अंगावरून काही कळत नव्हतं.

"नाय," कलाबाई म्हणाली. "नर आला होता, पण ही राहिलीच नाय."

ज्ञानेशने आईकडे पाहिलं आणि मान फिरवली. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतलं. चाळीस दिवस इथून काही बाहेर न्यायचं नाही, इथे काही आणायचं नाही, चप्पलसुद्धा चुन्याच्या पाण्यात बुडवून मग बाहेर पडायचं, असं सांगून त्या गेल्या.

थोरली पौषात व्यायली. अकरा पिल्लं झाली. दोन पिल्लं खारकेसारखी काळी, वाळून गेलेली. ती पोटात केव्हाच मेली होती. चार पूर्ण वाढलेली पण निर्जीव. तीन जिवंत होती, पण जन्मल्या क्षणापासून कापत होती. नुसती थरथर नव्हे, डोकं आणि मागचे पाय इतके हलत होते की तोंडाला सड सापडेना. कलाबाई एकेकाचं डोकं दोन बोटांत धरून सडाला लावत बसली. चार दिवसांत तिन्ही गेली.

उरली दोन. ती मात्र कापत नव्हती. पिऊन टम्म होत होती, आईच्या पोटावर चढत होती, एकमेकांचे कान चावत होती. भारत पहिल्यांदाच शेडपाशी येऊन टेकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"तुझ्यावर गेलीत," ते म्हणाले. "खायच्या वेळेला बरोब्बर हजर."

कलाबाई हसली. दोन महिन्यांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. चाळीसाचे पंचावन्न दिवस झाले, दोन्ही पिल्लांना साधी सर्दी झाली नाही. दोघीही माद्या होत्या. दोघींपासून पुन्हा शेड उभी राहील, हा हिशेब तिने मनात किती वेळा केला ते तिचं तिला माहीत.

आणि तरी एके सकाळी ती ज्ञानेशला म्हणाली, "गाडी काढ. फकिराभाऊचं पिल्लू पोचवायचंय."

"आई, दोनच तर आहेत! त्यांनी मागितलं तरी का?"

"मागतील कशाला? त्यांना बिचाऱ्यांना आपलं समजतंय. आपल्यालाबी समजायला नको?" ती टोपलीत गोणपाट अंथरत म्हणाली. "आपण माळी, आपल्याला यातलं काय येत होतं? हा माणूस नर घेऊन आला, आठ दिवस इथं झोपला, मला शिकवून गेला. त्याच्या नराचं हे पिल्लू. ते आपलं नव्हतंच कधी."

दोघींतली जी थोडी जड नि चपळ होती ती तिने उचलली. निवड फकिराची असायला हवी होती. तो इथे नव्हता म्हणून त्याने जी उचलली असती तीच तिने उचलली.

पिंपळगावला द्राक्षं आणि टोमॅटो भरायच्या गोदामांच्या मागे फकिराचं घर आणि वाडगं होतं. गोदामातून टाकून दिलेला माल त्याच्या चाळीसएक डुकरांना पुरून उरायचा. टोपली बघून तो उठून उभा राहिला.

"राहू दे, ताई, या खेपेला. तुझं एवढं गेलं. पुढच्या वेताला बघू."

"पुढचं पुढं. मान हाय तो, घ्यायचा."

"अगं, मीच नको म्हणतोय ना!"

"तुम्ही नको म्हणून चालतंय व्हय? रिवाज तुमचा आन् मोडायचा मी?" तिने टोपली त्याच्या हातात कोंबली. फकिराची बायको चतुराबाई हसत पुढे आली, पिल्लू उराशी धरलं आणि म्हणाली, "द्या इकडं. सुनेला दारातून परत धाडत नसतेत." तिने ते थेट वाडग्यात सोडलं. सगळी डुकरं हुंगायला गोळा झाली. कलाबाई चहा पिऊन घरी आली आणि त्या रात्री फार दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

नऊ दिवसांनी हर्षाली मॅडम आल्या. थोरली ठीक आहे का बघावं, एवढ्यासाठीच. गेले दोन-तीन दिवस राहिलेलं पिल्लू जरा मागे पडलं होतं. खात होतं, पण पाठ वाकवून उभं राहायचं, कातडी सैल वाटायची. डॉक्टरांना विचारता येईल म्हणून कलाबाईला उलट बरं वाटलं. आपण काय लपवलं होतं ते पिल्लाकडे बोट दाखवल्यावर तिच्या ध्यानात आलं.

डॉक्टर दारातच थांबल्या. "हे हिचं आहे?"

कलाबाईचं दाखवलेलं बोट खाली आलं.

"मावशी, ती गाभण होती?"

"व्हय."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या खाली बसल्या, पिल्लाला उलटसुलट करून बघितलं आणि शाळेत समजावतात तशा हळूहळू बोलू लागल्या. "आईला ताप आला तेव्हा हे पोटात दोन महिन्यांचं होतं. त्या वयात शरीराला आपलं कोण, परकं कोण हे अजून शिकायचं असतं. रोग त्याच वेळी आत आला, तर शरीर त्याला आपल्यातलाच समजतं. त्याच्याशी भांडतच नाही. म्हणून ताप नाही, डोळे चिकटत नाहीत. पिल्लू खातं, खेळतं, वाढतं. आणि त्याच्या लाळेतून, नाकातून, विष्ठेतून रोग बाहेर पडत राहतो. रोजच्या रोज. दोन-चार महिन्यांनी ते असं खंगतं आणि जातं. तोवर आजूबाजूचं एकही डुक्कर राहत नाही."

"पण थोरलीला तर काय झालं नाय."

"तिला होऊन गेलाय. तिचं शरीर भांडलं, जिंकलं. तिला परत होणार नाही." डॉक्टरांनी शेडमध्ये नजर फिरवली. "हे एकच जगलं?"

मेलं, एवढं म्हटलं की भागलं असतं. एक शब्द. तो तिच्या जिभेवर आला. तिच्या मागे ज्ञानेशचा श्वास तिला ऐकू येत होता.

"दोन जगली," ती म्हणाली. "दुसरं मी पिंपळगावला दिलं. फकिराभाऊला. चाळीस डुकरं हायत त्यांची."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले. मग पटपट बोलू लागल्या. त्या लस घेऊन येतात, तोवर ते पिल्लू बाजूला काढायला हवं, फोन करा. कलाबाई म्हणाली, फोनवर नको, मीच जाते. तिने नवी चप्पल घातली, अंगावरचं लुगडं बदललं, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि ज्ञानेशच्या मागे गाडीवर बसली.

फकिराच्या दारात ती उतरली नाही. रस्त्यावरच उभी राहून तिने हाक मारली.

"ये की आत!" फकिरा बाहेर आला. "परक्यावानी का उभी?"

"नको, भाऊ. पिल्लू कसंय?"

"लय गुणाचं. घमेलं ठेवलं की सगळ्यांच्या आधी तेच."

"आन् बाकीची?"

"बाकीची बरी हायत की. दोघीतिघी जरा सुस्त. गारठ्यानं पडून राहत्यात एकीवर एक."

माघ संपत आला होता. ऊन चांगलंच चढलं होतं आणि गोदामाच्या पत्र्यावरून झळ येत होती. कलाबाईने त्याच्या खांद्यावरून वाडग्याकडे पाहिलं. भिंतीच्या कडेला सात-आठ जणांचा ढीग होता. त्यांच्याभोवती ते एकटं पिल्लू उड्या मारत फिरत होतं.

तिने सांगितलं. गाभण असलेलं लपवलं इथपासून सगळं, एकही गोष्ट न गाळता, रस्त्यावर उभ्याउभ्या सांगितलं. फकिराला पहिल्यांदा पटेना. तो आत जाऊन ते पिल्लू उचलून घेऊन आला, लांबूनच तिला दाखवत म्हणाला, "ह्याला? अगं, ह्याच्यावानी धडधाकट तर दुसरं कुणीच नाय!" पिल्लू त्याच्या हातात वळवळत होतं, सुटायला बघत होतं. बोलता बोलता त्याचा आवाज बसला. धडधाकट एकच का आहे, हे त्याला कळलं असावं.

चतुराबाई दारात आली होती. "ह्यानं राहू दे म्हटलं व्हतं ना?" ती म्हणाली. "दोनदा म्हटलं. आम्ही आलो व्हतो का तुझ्या दारात मागाया? नसती दिली तर कोण इचारणार व्हतं तुला? मान म्हणं, मान!"

कलाबाई उभी राहिली. चतुराबाईने आणखी बोलावं, बोलत राहावं, असं तिला वाटत होतं, पण ती आत निघून गेली आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी डॉक्टर आणि त्यांचा माणूस तिथे पोचले. ते पिल्लू त्यांनी झोपवलं. जी उभी होती त्यांना लस टोचली. वेळ निघून गेलीय, तरी बघू, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एकलहऱ्याला येऊन त्यांनी शेडमधलं पिल्लूही झोपवलं. थोरली रिकाम्या शेडमध्ये दिवसभर हुंगत फिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फकिराचा फोन आला. कलाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. नाव बघून तिचे हात थांबले. शिव्या देईल, तर बरंच होईल, असं वाटून तिने फोन कानाला लावला.

"ताई," तो म्हणाला, "शेण पार खड्यावानी झालंय. कुंथत्यात नुसती. ह्याच्यापुढं काय व्हतं?"

तिला वाटलं तो टोचून बोलतोय. पण त्याच्या आवाजात तसं काही नव्हतं. त्याने जन्मभर डुकरं पाळली होती, पण हे पाहिलं नव्हतं. पाहिलेलं माणूस त्याच्या ओळखीत एकच होतं.

"उद्या-परवा उलटं व्हईल, भाऊ," ती म्हणाली. "पिवळं पाणी जाईल. खाली पाचट घाला, ओलं झालं की बदला."

दुसऱ्या दिवशी परत. "डोळं चिकटलेत." तिने कोमट पाण्याचं सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, "दोघींनी पिल्लं टाकली." मग, "कान निळं पडायलेत, हात लावला तर गार लागत्यात." मग, "एक भिंतीला डोकं लावून चालायचं बघतंय, पाय मारतंय." रोज सकाळी तो जे घडलं ते सांगायचा आणि शेवटी विचारायचा, ह्याच्यापुढं काय? आणि रोज कलाबाई त्याला पुढचं पान वाचून दाखवावं तसं सांगायची. एकदाही तिचं चुकलं नाही. आपलं एकदा तरी चुकावं, म्हणून ती फोन यायच्या आधी देव्हाऱ्यापाशी हात जोडून उभी राहू लागली.

भारत एकदा म्हणाले, "नको उचलत जाऊ. तुझ्याच्यानं होत नाय."

"त्यानं कुणाला इचारायचं मग?" ती म्हणाली.

बाराव्या दिवशी फोन आला तेव्हा आधी नुसता वारा ऐकू येत होता.

"बोला, भाऊ."

"नर बसलाय, ताई. उठवला तर उठतो, चार पावलं टाकतो आन् मागनं ढासळतो. बाकीची गेली ती गेली. मी म्हणलो, ह्याला लस लागू झाली. आता ह्याला काय करू?"

"सावलीत घ्या."

"घेतला."

"तोंडापाशी पाणी ठेवा. सांडून टाकील, परत भरा."

"भरतो. आन् मग?"

शेतात भारत वाफ्याला पाणी सोडत होते. कलाबाईने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला घेतला.

"खड्डा आजच खणून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "मोठा लागंल त्याला. मागाहून हातात बळ राहत नाय."

फकिराने फोन तसाच खाली ठेवला असावा. कुदळ कुठे ठेवलीय, असं तो चतुराबाईला विचारत होता, ते तिला ऐकू आलं.